रानद्राक्षं खुडताय? या चुका टाळा

लहानपण निफाडच्या बागांत गेलं की वाटतं, द्राक्षाचा घड आपण झोपेतही ओळखू. न्यू जर्सीत पहिल्याच सप्टेंबरात माझा तो तोरा उतरला. ओढ्याकाठच्या कुंपणावर काळेनिळे मणी, वर तीच पांढुरकी झाक. खुडलेला घड निघाला मूनसीड या विषारी वेलीचा. नशीब, एक मणी आधी बोटांत फोडून पाहिला.

तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: घडावरून वेल ओळखणं. मूनसीडमध्ये डॉरिसीन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मणी फोडून बी बघा. द्राक्षात एक ते चार, एका टोकाला निमुळत्या बिया. मूनसीडमध्ये एकच चपटी बी, थेट कपाळावरच्या चंद्रकोरीसारखी. मग पान. द्राक्षाच्या पानाला करवतीसारखे दाते, मूनसीडची कड गुळगुळीत. शिवाय देठ पानाच्या अगदी कडेला नाही, किंचित आत जोडलेला. बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा ताणा, तर मूनसीडला नसतेच. अख्खी काडीच, म्हणजे वेलीची फांदीच, आधाराभोवती पीळ घालत चढते, आपल्या गुळवेलीसारखी. चढणारच, कूळ एकच आहे.

पण बाळी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच कुंपणावर दोन वेली गुंतलेल्या असतात. बाळी द्राक्षाची आणि घड भलत्याचाच, असं सहज होतं. घडाच्या देठापासून बोट फिरवत काडीपर्यंत जा, प्रत्येक घडाला. उलट नदीकाठच्या रानद्राक्षाचं दर तिसरं पेर बाळीविना असतं, त्यामुळे एकच पेर बघून वेल बादही करू नका.

व्हर्जिनिया क्रीपर या दुसऱ्या फसव्या वेलीलाही बाळ्या असतात, पण त्यांच्या टोकाला भिंतीला चिकटणाऱ्या बारीक चकत्या, आणि पान पाच पर्णिकांचं. त्याच्या फळातल्या ऑक्झलेटनं तोंडाची आग होते. पोकवीड ही वेलच नव्हे, लालजांभळ्या दांड्याचं झुडूप. तरी त्याच्या घडांना लहान मुलं फसतात.

‘पाखरं खातात, मग आपल्याला काय होतंय?’ हा हिशेब चुकीचा. पाखरांना पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही. चाखून ठरवणंही नको. रानद्राक्ष मुळातच इतकं आंबट की कडवटपणा त्यात खपून जातो. उकळून जेली केली की विष जाईल, या भरवशावर तर मुळीच राहू नका.

हात घालण्याआधी झाडाचा बुंधा बघा. तीन पर्णिकांची, केसाळ खोडाची वेल म्हणजे पॉयझन आयव्ही. बिब्ब्याच्याच कुळातली ती. उततं कसं, हे वेगळं सांगायला नको.

कुणी संशयास्पद मणी खाल्लाच, तर उलटीची वाट बघत बसू नका. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या पॉयझन कंट्रोलच्या क्रमांकावर लगेच फोन करा. शुद्ध हरपली किंवा झटके आले तर थेट ९११. उरलेला घड पानासकट पिशवीत घालून ठेवा, दवाखान्यात दाखवायला लागेल.