पीसी चालू होत नाहीये? नवीन मदरबोर्ड मागवायच्या आधी हे करून बघा

गेल्या पावसाळ्यात मालवणहून भाच्याचा फोन, "मामा, पीसी चालूच होणा नाय, बोर्ड गेलो वाटता." मे महिन्यात पार्ट आणून स्वतः जोडलेला पीसी, जूनभर बंद पडून होता, जुलैत बटण दाबलं तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. एका दुकानात तर न उघडताच बोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं. निघालं काय, तर रॅम! तीसुद्धा खराब नव्हती, फक्त कॉन्टॅक्ट मळलेले. म्हणून कळकळीने सांगतो, घाईने पैसे घालवू नका.

आधी एवढंच बघा, पीसी पूर्ण मेलाय की पंखे फिरतायत? दोन्हीचा शोध वेगळा आहे.

पूर्ण मेला असेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटला टेबल फॅन लावून बघा, स्पाइक बोर्ड काढून पीसी थेट लावा, एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागचा स्विच बघा. मग कॅबिनेटचं बटण, कारण बऱ्याचदा त्याची ती बारीक वायर चुकीच्या पिनवर लागलेली असते. मॅन्युअलमधून पॉवर स्विचच्या दोन पिन शोधा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. चालू झाला तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा.

नाही झाला तर एसएमपीएस. प्लग काढा, 24 पिनचा कनेक्टर बोर्डातून सोडवा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी पेपरक्लिपने जोडा (सगळ्याच वायरी काळ्या असतील तर 16 नंबरची पिन), आणि मगच प्लग लावा. पिवळ्या वायरीवर मल्टिमीटरने 11.4 ते 12.6 व्होल्ट यायला हवेत. नुसत्या पंख्यावर जाऊ नका, काही एसएमपीएसचा पंखा लोड आल्याशिवाय फिरतच नाही. आणि एसएमपीएस उघडायचा नाही, म्हणजे नाहीच, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज साठलेला असू शकतो.

आता पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, हा प्रकार जास्त. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना? इंटेलच्या एफ वाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, मग बोर्डाच्या पोर्टला लावून काही दिसणार नाही. प्रोसेसरजवळचा 8 पिनचा कनेक्टर बघा, नवीन माणूस हमखास तो विसरतो. बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असे छोटे लाईट असतील तर कुठला पेटून राहतोय ते बघा, अर्धं काम तिथेच होतं. रॅम डीडीआर5 प्रकारची असेल तर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, तेवढा धीर धरा, मध्येच बंद करू नका.

आणि आता रॅम, आपल्या किनारपट्टीचं खरं दुखणं. खारी हवा, पावसाळ्यातला दमटपणा, त्यात बंद पडलेला पीसी. भाच्याची रॅम काढून खिडकीशी धरली तर सोनेरी पट्ट्यांवर कडेकडेने पांढरट साय आल्यासारखं दिसत होतं, बोट फिरवलं तर जाणवेना पण खोडरबर हलक्या हाताने घासल्यावर रबर काळं झालं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, रबराचा कीस स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही, पूर्ण वाळू द्यायचं आणि एकच रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. हे सगळं प्लग काढूनच, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून.

तरी नाही तर प्लग काढून बोर्डवरचा 2032 नंबरचा बटण सेल पाच मिनिटं काढून परत लावा, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग पुसल्या जातात. तेही नाही तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, लागत असेल तर कार्ड, एवढ्यावरच चालवून बघा. इथे चालला म्हणजे बहुतेक कॅबिनेटमध्ये कुठेतरी स्क्रू किंवा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्डाखालचा छोटा खुंट) टेकून शॉर्ट होतंय.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघून घ्या. आपल्या जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकून जातो, न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर दोन-चार व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. विजा चमकायला लागल्या की प्लग काढाच, आणि नेटची वायरही.

शेवटी मित्राचा एसएमपीएस आणून बघणार असाल तर त्याच्या केबलीसकट आणा. सुट्या केबलींचं एसएमपीएसकडचं टोक सारखं दिसलं तरी आतलं वायरिंग कंपनीगणिक वेगळं असतं, तुमच्या केबली त्याच्या एसएमपीएसला लावल्यात तर आतापर्यंत धड असलेली हार्ड डिस्क क्षणात जळू शकते.