बावीस जणांची फ्रेम: कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ रूममधला एक सीझन

अमेरिकेत मास्टर्स करताना दुसऱ्या वर्षी मी विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या व्हिडिओ विभागात विद्यार्थी सहाय्यक म्हणून काम केलं. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट आणि अंडाकृती चेंडूवाला. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्या टीमला, एवढीच माझी पुंजी. जाहिरातीत ‘खेळाची माहिती नसली तरी चालेल’ असं लिहिलं होतं आणि ते खरं निघालं. उंचीची भीती असून चालणार नाही, हे मात्र लिहायचं राहून गेलं होतं.

काम सांगतो. सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला कात्रीसारखी उघडत वर जाणारी लिफ्ट असते. तिच्या टोकावर कॅमेरा आणि तुम्ही. एक जण मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभा राहून सगळा पट टिपतो, दुसरा गोलपोस्टमागून जवळची धुमश्चक्री. नंतर संगणकावर प्रत्येक प्लेचे (म्हणजे चालीचे) दोन्ही कोन एकापाठोपाठ जोडायचे आणि क्लिपवर माहिती चढवायची: कितवा डाउन (म्हणजे चारांतला कितवा प्रयत्न), किती यार्ड हवे होते, चेंडू कोणत्या हॅशवर, म्हणजे मैदानावरच्या डाव्या की उजव्या खुणांच्या ओळीवर होता. सराव संपून खेळाडू जेवायला बसेपर्यंत हे सगळं कोचच्या स्क्रीनवर असावं लागतं.

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या माणसाची नजर चेंडूला चिकटलेली असते. क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूने, रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी चेंडू नेल्याची हूल दिली, बचावफळी फसली आणि तिच्याबरोबर माझा कॅमेराही फसला. मी धावणाऱ्याच्या मागे गेलो, चेंडू भलतीकडेच. पण कोच चिडले ते त्यासाठी नाही. त्यांनी क्लिप थांबवून विचारलं, “माझा सेफ्टी कुठे आहे?” सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू. मी झूम करून चेंडूजवळ गेलो होतो, त्यामुळे तो फ्रेमबाहेर. मला वाटलं होतं, तिथे काही घडतच नव्हतं. चेंडू कुठे गेला हे कोचला आधीच माहीत असतं. ज्यांच्याकडे चेंडू नव्हता त्यांनी काय केलं, यासाठी फिल्म लागते. दोन्हीकडचे मिळून बावीसही जण दिसलेच पाहिजेत. ही सवय लागायला मला तीन आठवडे लागले. तुम्हाला लवकर लागावी म्हणून एक युक्ती: चेंडू हलेपर्यंत श्वास रोखायचा आणि नजर व्ह्यूफाइंडरच्या कडांवर ठेवायची, मध्यावर नाही.

वाऱ्याबद्दल कुणी ‘चल, पाचच मिनिटं’ म्हणालं तरी वर जाऊ नका. 2010 मध्ये नोत्र दाम विद्यापीठात सरावाचं चित्रण करणारा एक विद्यार्थी जोरदार वाऱ्यात लिफ्ट कोसळून मरण पावला. वाऱ्याची मर्यादा किती, ती कोण मोजतं आणि लिफ्ट खाली घ्यायचा निर्णय कुणाचा, हे तीन प्रश्न पहिल्या दिवशीच विचारा. विचारताना ओशाळू नका.

आता तासांचं गणित. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि हे सगळ्या नोकऱ्या मिळून. वीस तासांची टीचिंग असिस्टंटशिप असेल तर हा विषय इथेच मिटला. ऑगस्टचा कॅम्प, म्हणजे सीझनआधीचं सराव शिबिर, सुट्टीत येतो, तेव्हा जास्त तास चालतात, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नका. गंमत म्हणजे खेळाडूंनाही सीझनमध्ये आठवड्याला 20 तासांचीच मर्यादा आहे, शिवाय एक दिवस सुट्टी. त्यात मॅचचा दिवस तीन तासांचा धरतात. नुसती मॅचच सहसा त्याहून लांबते. हे तीन तास कुणी मोजले, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास संपतो. मॅच बाराच. बाहेरून पाहणाऱ्याला शनिवार दिसतो, आत असलेल्याचा खरा दिवस मंगळवार. रविवारी झालेल्या मॅचची चिरफाड, सोमवारी बहुतेकांना सुट्टी, मंगळवार-बुधवार पूर्ण पॅड घालून जबर सराव, गुरुवारी हलका, शुक्रवारी नुसतं चालत चालत उजळणी. कठीण विषयांच्या लॅब मंगळवारी घेऊ नका. मी घेतली होती. ग्रेड सांगत नाही.

मंगळवारी स्काउट टीमही कळते. ही मंडळी पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतात. कोच हातात चित्राचं कार्ड धरतो, ते पाहून दर आठवड्याला वेगळ्याच टीमसारखं खेळायचं, ते आपल्याच मुख्य खेळाडूंच्या धडका खात. यात बरेच वॉक-ऑन असतात, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये आलेले. काही रेडशर्ट करणारे नवखे, म्हणजे खेळायच्या पात्रतेचं एक वर्ष राखून ठेवण्यासाठी सीझनभर मुख्यतः सरावच करणारे; 2018 पासून चार मॅचपर्यंत खेळूनही त्यांचं पात्रतेचं वर्ष वाया जात नाही. वॉक-ऑनला चारसुद्धा मिळतील की नाही, सांगता येत नाही.

त्यांतला एक सेफ्टी माझ्या ओळखीचा झाला. सरावानंतर व्हिडिओ रूमच्या दारात यायचा आणि स्वतःच्या क्लिप बघायचा, मिनिटभर, उभ्याउभ्याच. प्रतिस्पर्धी टीमच्या सेफ्टीची पावलं तो इतकी हुबेहूब उचलायचा की शनिवारी खरा माणूस मैदानात आला की मला आधी हाच आठवायचा.

आमची टीम अकरा मॅचनंतर पाच विजय, सहा पराभव अशा ठिकाणी येऊन टेकली. सहावा विजय मिळाला की डिसेंबरात बोल गेम, म्हणजे सीझननंतरची मानाची जादा मॅच, खेळायची पात्रता येते. शेवटची मॅच थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. थंडीत बोटं बधिर होत होती, म्हणून ट्रायपॉडच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून मी चौथा क्वार्टर काढला. एका फील्ड गोलने, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांनी हरलो; आमचा शेवटचा हुकला. चेंडू खांबांच्या किती बाहेरून गेला ते माझ्या क्लिपमध्ये नीट दिसत नाही, कारण मी नियम पाळून बावीस जण धरून होतो.

सोमवारी लॉकर रिकामे व्हायला लागले. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकणारे खेळाडू दुसऱ्या कॉलेजांना पाठवण्यासाठी क्लिपा मागायला आले. मॅचच्या क्लिपा काढून देणं सोपं. मग तो सेफ्टी आला. तो सीझनभर एकही मॅच खेळला नव्हता, त्याच्याकडे होता तो फक्त सराव, आणि सरावाचं चित्रण कोचच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. परवानगी त्याने स्वतःच जाऊन आणली.

मी त्याच्या नंबरावरून शोधायला बसलो. सप्टेंबरच्या मध्यापासून पुढचं सगळं सापडलं. कॅम्पमधलं त्याचं सगळ्यात चांगलं खेळणं, तो म्हणाला, दुसऱ्या आठवड्यातलं होतं. ती क्लिप काढली. धावणाऱ्यावर मस्त झूम केलेला होता आणि वरच्या कडेला, फ्रेम संपते तिथे, बुटांचा एक जोड दिसत होता.