‘फाइंड’ वापरताना क्रमाच्या या चुका टाळा

लिनक्सवर फाइली शोधायच्या म्हटल्या की नवशिके ‘फाइंड’ची आज्ञा कुठून तरी उतरवून घेतात आणि तिच्यातले शब्द मागेपुढे झाले तरी चालते, असे धरून चालतात. तसे चालत नाही. आधी शोध जिथून सुरू करायचा ती डिरेक्टरी (फोल्डर), मग अटी आणि शेवटी सापडलेल्या फाइलीचे काय करायचे ती कृती, असा क्रम ठेवावा. कारण फाइंड प्रत्येक फाइल या ओळीवर डावीकडून उजवीकडे तपासते आणि एखादी अट खोटी ठरली की त्या फाइलीपुरती तिथेच थांबते.

म्हणूनच सर्वांत महागात पडते ते ‘-डिलीट’ अटींच्या आधी लिहिणे. माझ्या जुन्या कचेरीत डिस्क भरत आली, तेव्हा एका उत्साही सहकाऱ्याने ‘फाइंड . -डिलीट -नेम "*.लॉग" -एमटाइम +30’ अशी आज्ञा दिली. महिन्याहून जुने लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइली) तेवढे जातील, असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात नाव जुळते का, फाइल किती जुनी आहे, हे तपासण्याची पाळी येईपर्यंत फाइल खोडलेली असे, आणि लॉगसोबत कॉन्फिगरेशनच्या फाइलीही गेल्या. या आज्ञेला कचरापेटी नसते. बॅकअपवरून सगळे परत आणेपर्यंत उजाडले.

मी आजही आधी शेवटी ‘-प्रिंट’ लावतो, आलेली यादी खरोखर वाचतो आणि मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणून शेवटचा शब्द तेवढा बदलतो. एवढाही धीर नसलेल्यांनी ‘-डिलीट’च्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘फाइंड . -नेम "*.जेपीजी" -ओ -नेम "*.पीएनजी" -प्रिंट’ लिहिल्यावर फक्त पीएनजी दिसतात, कारण ‘-ओ’ म्हणजे ‘किंवा’, आणि ‘-प्रिंट’ शेजारच्या अटीलाच चिकटते; म्हणून दोन्ही अटी कंसात घालाव्यात आणि प्रत्येक कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी. ताऱ्याचे चिन्ह अवतरणात नसेल, तर फाइंडच्या हाती पडण्याआधीच शेल (आपण टंकित केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) त्याच्या जागी चालू डिरेक्टरीतली जुळणारी नावे भरू शकते. किती पातळ्या खोल शोधायचे ते ठरवणारे ‘-मॅक्सडेप्थ’ डिरेक्टरीच्या लगेच पुढे लिहावे. मॅकवर सुरुवातीची डिरेक्टरी गाळता येत नाही.

फाइलींच्या आतला मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या आज्ञेचा क्रम मात्र उलटा आहे: आधी शोधायचा मजकूर, मग फाइल. फाइलीचे नाव विसरून नुसता मजकूर दिला की पडदा स्तब्ध राहतो आणि शोध फार मोठा आहे असे वाटून माणसे चहाला जातात. त्या वेळी ग्रेप काहीही शोधत नसते, तुम्ही काही टंकित कराल म्हणून थांबलेली असते. कंट्रोल-सी दाबून बाहेर यावे.