थिबा राजवाडा कसा पाहावा

रत्नागिरीचा थिबा राजवाडा नीट पाहायचा असेल, तर आत पाऊल टाकण्याआधी १८८६ आणि १९१० ही दोन साले मनात पक्की करावीत. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५ मध्ये राजधानी मंडाले पडली आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला आधी मद्रासला व नंतर एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवण्यात आले. राजवाड्यात राहायला तो गेला १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्या वास्तूला त्याचे नाव कायमचे चिकटले, तीत तो जेमतेम सहा वर्षे राहिला. त्यामुळे येथे मंडालेचे वैभव शोधू नये. इंग्रज सरकारने एका राजकैद्याला त्याच्या मानाचे म्हणून कसले घर दिले, हे पाहावे.

सुरुवात बाहेरून करावी आणि इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारावी. बांधकामातला जांभा इथल्याच मातीचा आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि वारा लागल्यावर घट्ट होतो, म्हणूनच कोकणातल्या साध्या घरांपासून गडांच्या तटांपर्यंत तोच दिसतो. उतरती छपरे मुसळधार पावसासाठी आहेत. तीन मजल्यांची ही मांडणी मात्र कोकणी घराची नव्हे, साहेबी आहे. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचे लाकडी नक्षीकाम जवळून पाहावे, कारण या इमारतीतली सगळ्यात देखणी गोष्ट, माझ्या मते, तीच आहे. आत संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आहे. वाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय असल्याने साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

येथे राहिलेल्या राजघराण्याची वहीत एक छोटी वंशावळ काढावी, नाहीतर नावांचा गोंधळ होतो. राणी सुपायालत आणि तिची धाकटी बहीण या दोघीही थिबाच्या राण्या होत्या; धाकटी १९१२ मध्ये वारली. चार राजकन्यांपैकी तिसरी मद्रासला आणि चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. थोरलीचे पहारेकरी गोपाळ सावंत यांच्याशी संबंध जुळले आणि त्यांची मुलगी टुटू पुढे रत्नागिरीचीच होऊन राहिली. गावात हीच गोष्ट रंगवून सांगितली जाते. ती ऐकावी, पण तेवढ्यावर थांबू नये. सुपायालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली आणि १९२५ मध्ये रंगूनला वारली, हा भाग सांगणारे कमी भेटतात. शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे, तीही याच फेरीत पाहावी.

पुढे कागदपत्रांकडे वळायचे असेल, तर एक गफलत टाळावी. रत्नागिरी-सावंतवाडीचे जुने इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, १८८० चे आहे; राजा त्यानंतर सहा वर्षांनी आला, त्यामुळे गावाचे तत्कालीन रूप समजण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. जिल्ह्याचे पुढचे गॅझेटियर १९६२ चे आहे. मुंबई सरकारचे जुने दप्तर पाहण्यासाठी मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात रीतसर अर्ज करावा आणि तेथे शोध केवळ राजवाड्याच्या नावाने न घेता राजकैदी, त्यांचे भत्ते आणि सार्वजनिक बांधकाम या विषयांखालीही घ्यावा, कारण सरकारच्या लेखी हे राजघराणे म्हणजे प्रामुख्याने खर्चाची आणि बंदोबस्ताची बाब होती.