आराखड्यावरून टायगर मॉथ बांधताना

बायप्लेनचे, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचे, रिमोटवर उडणारे प्रतिरूप प्रथमच बांधायला घेणाऱ्यांना मी डी हॅव्हिलंड टायगर मॉथ सुचवतो. १९३१ साली पहिल्यांदा उडालेले हे ब्रिटिश बनावटीचे प्रशिक्षण विमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातल्या उड्डाणशाळांतही होते, परंतु माझे कारण त्याहून व्यावहारिक आहे. त्याच्या पंखांची रुंदी टोकाचा गोलवा सोडला तर सर्वत्र सारखी असल्याने बहुतेक रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, एकाच मापाच्या येतात, आणि एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या हलत्या फळ्या, फक्त खालच्या पंखांना असल्यामुळे हलत्या भागांचे काम निम्म्यावर येते. मूळ विमानाचा पंखविस्तार २९ फूट ४ इंच असल्याने एक अष्टमांश प्रमाणात तो बरोबर ४४ इंच भरतो. हा आकार घरातल्या टेबलावर मावतो आणि मैदानात डोळ्यांना नीट दिसतोही.

आराखडा हाती आला की कटर उचलण्याआधी मोजपट्टी उचलावी. छपाईत किंवा झेरॉक्समध्ये कागद बहुधा एकाच दिशेने किंचित ताणला जातो. म्हणून आडवे आणि उभे अशी दोन्ही मापे, तीही लांब अंतराची, छापील आकड्यांशी ताडून पाहावीत. कागदाची जागा वाचवण्यासाठी पुष्कळ आराखड्यांत एकच पंख काढलेला असतो. अशा वेळी कागदाला मागून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला की रेघा पलीकडून स्पष्ट उमटतात आणि त्याच कागदाच्या पाठीवर दुसरा पंख बांधता येतो. दोन्ही वेळा वर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे, नाहीतर गोंद कागदाला धरतो आणि तेल लाकडात उतरते.

प्रतिरूपासाठी वापरले जाणारे हलके बाल्सा लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरहून येते आणि आपल्याकडे ते स्वस्त नाही, त्यामुळे दुकानदार देईल ती पट्टी मुकाट्याने घेण्याची सवय लागते. तसे करू नये. छत्तीस इंच लांब, चार इंच रुंद आणि दीड मिलिमीटर जाडीची एक पट्टी पंधरा-सोळा ग्रॅम भरते, तर तशीच दिसणारी दुसरी तीस ग्रॅमच्या घरात जाते. हलकी पट्टी शेपटीसाठी राखावी आणि ताठ, जड लाकूड पंखाच्या स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यासाठी. टायगर मॉथचे नाक आखूड आहे. शेपटीकडे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी पुढे त्याच्या कितीतरी पट शिसे घालावे लागते.

रिबा एकेक कापत बसण्यापेक्षा प्लायवुडचे दोन साचे करून त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे चळतीने घट्ट आवळावेत आणि सगळ्या एकदमच घासाव्यात. याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरा वेळ द्यायचा तो वरचा पंख धडावर तोलून धरणाऱ्या मधल्या खांबांना, म्हणजे कॅबेनला. मूळ विमानात पुढच्या बैठकीतल्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला गेला आणि तोल राखण्यासाठी पंखांची टोके मागे वळवली गेली. त्यामुळे आराखड्यात जवळजवळ कुठेच काटकोन सापडत नाही आणि नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबता येत नाही. कॅबेनची तार किंवा प्लाय धडात पक्की करण्याआधी धड टेबलावर पाणसळीत बांधून घ्यावे, वरचा पंख टाचण्यांनी तात्पुरता बसवावा आणि शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखटोकांपर्यंत न ताणणारा दोरा धरून अंतरे मोजावीत. ती सारखी आली, की मग वरच्या आणि खालच्या पंखांचा बसवणीचा कोन आराखड्याशी ताडावा. या कोनात एका अंशाचाही फरक राहिला तर विमान नाक उचलते किंवा दाबते, आणि तो दोष रिमोटच्या ट्रिमने, म्हणजे बारीक दुरुस्तीच्या कळीने, झाकत राहावा लागतो. दोन पंखांमधल्या तारा केवळ शोभेच्या असतील तर त्या लवचीक दोऱ्याच्या कराव्यात, कारण घट्ट ओढलेली तार सरळ बांधलेल्या पंखालाही पीळ देते.

पंखांच्या सांगाड्यावर टिश्यू पेपर चढवून त्यावर डोप, म्हणजे कागद ताणून घट्ट करणारे रोगण, लावण्याचे काम मुंबई-कोकणात पावसाळ्यात काढू नये. हवेतल्या ओलाव्याने डोपवर पांढुरकी साय धरते आणि कागदाची चमक जाते. कोरड्या दिवशीही पंखाच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत रंगवून तो वाळेपर्यंत सपाट फळीवर वजनाखाली ठेवावा. खिडक्या उघड्या असाव्यात. वास डोक्यात जातो.

तोल पाहताना बॅटरी, सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), चाके, अगदी वैमानिकाचे बाहुलेसुद्धा जागेवर असावे. दोन पंख मागे-पुढे आणि मागे वळलेले असल्याने गुरुत्वमध्य एकट्या वरच्या पंखावरून काढता येत नाही. आराखड्यावरची खूणच प्रमाण मानावी आणि पहिल्या उड्डाणाला तोल तिच्या थोडा पुढेच ठेवावा. शिसे आधी चिकटपट्टीने लावावे, आणि उड्डाण समाधानकारक झाल्यावरच ते इंजिनाच्या आवरणात गोंदाने पक्के करावे.