आरव्हीत राहून मित्र कसे जोडायचे आणि भेटायला कसं जायचं

कायम आरव्हीत, म्हणजे घरासारखी सोय असलेल्या गाडीत, राहायचं ठरवलं की लोक विचारतात एकटं नाही का वाटत, तर वाटतं कधी कधी, पण मित्र नक्की होतात, फक्त सुरुवात आपण करायची. कॅम्पग्राउंडला पोचलात की गाडी लेव्हल करा, पाणी-वीज जोडा आणि खुर्ची दाराबाहेर टाकून बसा, आत एसी लावून बसलात तर कोण येणार बोलायला? शेजारी कोणी ट्रेलर मागे घेताना अडकला असेल तर लांबून ओरडून सूचना देऊ नका, जवळ जाऊन विचारा मदत हवीय का, त्या वेळी माणूस फार टेन्शनमध्ये असतो.

अमेरिकेत असाल तर एस्केपीज हा आरव्हीवाल्यांचा क्लब बघा, १९७८ पासून चालू आहे, आणि जानेवारीत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला जाच, वाळवंटात हजारो आरव्ही उतरलेल्या असतात. कोणाशी जमलं की नंबर घ्या, पुढचा रूट शेअर करा, कारण बीएलएम म्हणजे सरकारी जमीन खात्याच्या जमिनीवर एका जागी साधारण १४ दिवसच राहता येतं, मग पांगापांग होतेच.

जुन्या मित्रांकडे जाताना मात्र आधी नीट बोलून घ्या, गाडी किती फूट लांब ते सांगा, ड्राइव्हवेला चढ आहे का, फांद्या खाली आल्यात का, तिथे गाडी लावायला परवानगी आहे का... घरच्या साध्या प्लगवर एसी लावू नका, बहुतेक १५ अँपचा असतो, ब्रेकर उडतो. सांडपाण्याच्या टाक्या तिथे पोचण्याआधीच रिकाम्या करा. दोन-तीन दिवस बास, आणि एकदा तरी त्यांनाच आपल्या गाडीत जेवायला बोलवा, पोरं तर जाम खूश होतात.