अपघाती मृत्यूची वार्ता घरी कशी सांगावी : मंडळीतील कार्यकर्त्यांसाठी

इंदूरमधील आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारी कोण कोणत्या बाकावर बसतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच अपघाताची वार्ता घरच्यांच्या आधी साऱ्या मंडळीला कळते. हे प्रथम थांबवावे. ज्याला पहिला फोन येईल त्याने केवळ मंडळीच्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकसाहेबांना, कळवावे. व्हॉट्सॲपवर ‘प्रार्थना करा’ एवढेही टाकू नये, कारण नाव नसले तरी लोक तर्क करतात आणि तो बहुधा खरा ठरतो.

ओळख पटल्याशिवाय कोणाच्या दारी जाऊ नये. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, येथील बेलेश्वर महादेव मंदिरातील बावडीवरचा (पायऱ्यांच्या विहिरीवरचा) स्लॅब कोसळून ३६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा शोधकार्य दुसऱ्या दिवसापर्यंत चालले होते. अशा रात्री ‘सापडला म्हणे’ याला काही अर्थ नसतो; ज्याने स्वतः चेहरा पाहिला त्याचाच शब्द धरावा.

दोघांनी जावे, त्यांत एक स्त्री असावी. घरात कोणाला रक्तदाबाचा वा हृदयाचा त्रास आहे का, हे शेजाऱ्यांना आधी विचारावे.

आता प्रत्यक्ष सांगणे. येथेच मी एकदा सपशेल चुकलो. एका तरुणाच्या आईसमोर बसून, त्यांना धीर यावा या हेतूने, मी म्हणालो, “काकू, तो आता प्रभूच्या हातात आहे.” त्या ‘आमेन’ म्हणाल्या, उठल्या आणि इस्पितळात न्यायला डबा भरू लागल्या. डब्याची कडी लागेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि मग तीच वार्ता मला दुसऱ्यांदा, डबा हातात धरलेल्या बाईला सांगावी लागली.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे : मुलाचे नाव घ्यावे, अपघात झाला असे सांगावे आणि त्याच दमात ‘तो वारला’ असे म्हणावे. नुसते ‘गेला’ही म्हणू नये, ‘कुठे गेला?’ असे विचारणारी आजी मी पाहिली आहे. ‘प्रभूने बोलावले’ हे शब्द सांत्वनाच्या प्रार्थनेत शोभतील, वार्तेत नव्हे. सांगून झाल्यावर गप्प बसावे. आमच्यातील काही ज्येष्ठ बंधू लगेच बायबलमधील वचन शोधू लागतात. त्यांना मी शास्त्र मिटून ठेवायला स्पष्ट सांगतो. आई देवाला बोल लावत असेल तर लावू द्यावा, तिची चूक काढू नये.

पुढचे सोपे आहे. नातेवाइकांना एकानेच फोन करावेत, जेवणाच्या पाळ्या लावाव्यात. अपघाती मृत्यूत पंचनामा आणि शवविच्छेदन होते, म्हणून मयत ताब्यात येईपर्यंत दफनाची वेळ जाहीर करू नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी.

चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र वार्ता सांगणाऱ्यानेच पुन्हा त्या घरी जावे, तेही एकट्याने. तोपर्यंत आईच्या मनात प्रश्न साचलेले असतात : अंगावर कोणता शर्ट होता, डोळे मिटलेले होते का, जवळ कोणी होते का. विचारले तेवढेच आणि खरे तेच सांगावे. त्यासाठी चेहरा पाहून आलेल्या माणसाकडून हे सारे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.